लटारूभाऊंचा थोरला पंगतीला बसतो

आरमोरीत कुणाच्याही घरी नवीन काही आलं, की पहिली जळजळ लटारू चापले यांच्या पोटात होते. शेजारच्या वारलूच्या मांडवावर दोडके लगडले, त्या साली भाऊंनी दोडका खायचं सोडून दिलं. साळ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तर त्याचाही हेवा. "सारा गाव सफरचंद घेऊन गेला त्याले पाहाले. मले टायफाइड झाल्ता तं कोनी पेरूही आणला नाई."

पण एक सांगतो, भाऊंच्या हेव्यात विष नाही. ते कुणाचं वाईट करत नाहीत, चिंतत नाहीत. ते फक्त जळतात, आणि जळताना बोलतात. त्यामुळे आमच्या ऑफिसात कुणी नवीन चप्पल घेतली तरी आधी लटारूभाऊंना दाखवतो. तेवढीच करमणूक.

आमचं ऑफिस म्हणजे धान उत्पादकांचा सहकारी संघ. आरमोरीला मुख्य कचेरी, आणि चिमूरपासून गोंडपिपरीपर्यंत धान खरेदीची केंद्रं. भाऊ आमच्या संगणक विभागाचे प्रमुख. विभागात भाऊ, एक तीन पायांचं स्टूल आणि थोरला.

थोरला म्हणजे सर्व्हर. संघाचा हिशेब वह्यांतून संगणकावर आला तेव्हा आणलेला. काळा, रुंद, लग्नातल्या पेटीएवढा, आणि घरघर अशी की बाजूच्या खोलीत वसुलीवाले मोठ्यानं बोलतात ते सवयीनं. शेतकऱ्यांची नावं, सातबारे, पोत्यांची वजनं, आमचे पगार, सगळं त्याच्या पोटात. सर्व्हरच्या खोलीला एकच कुलूप, त्या कुलपाची एकच चावी, आणि ती चावी भाऊंच्या कमरेच्या करदोड्याला. आंघोळीला चावी, झोपताना चावी. त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, एकदा माझ्यासमोरच विचारलं होतं, "मंगळसूत्र मी घालतो का हे घालते, काही समजत नाई, भाऊजी."

मागच्या हंगामात ऐन गर्दीत थोरल्याची एक डिस्क गेली. गेटपासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर उभे, आणि आत भाऊ पुठ्ठ्यानं थोरल्याला वारा घालताहेत. भाऊंनी त्याला उठवलं, ते खरं. पण संचालक मंडळानं त्याच दिवशी ठरवलं की सगळ्या संघाचा जीव एका म्हाताऱ्या पेटीत ठेवायचा नाही. अध्यक्ष बापूजींनी जाहिरात दिली आणि दिव्यानी कोवे रुजू झाली.

दिव्यानी धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची. आईवडील शेती करतात, मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करतात. पोरगी नागपूरला शिकली, हैदराबादला एका मोठ्या कंपनीत सर्व्हर सांभाळले, आणि 'आपल्याकडे पण करून पाहू' म्हणून परत आली. पहिल्या दिवशी स्कूटीवरून उतरली, "जोहार, भाऊ" म्हणाली आणि त्या तीन पायांच्या स्टुलावर न पडता बसली. भाऊंना ते स्टूल जमायला पावसाळा गेला होता. जळजळ तिथून सुरू.

पुढं तर तिनं कमालच केली. काहीच विकत आणलं नाही. नुसते प्रश्न. गोंडपिपरीच्या केंद्रावर जाऊन बसली, सगळ्यांत लांब रांग कधी लागते आणि तेव्हा ऑपरेटर काय काय उघडून बसतो ते पाहिलं. चिमूरला तेच. वीज किती वेळा जाते, हिशेब दर हंगामात किती फुगतो, कॅमेऱ्यांचं चित्रण कुठवर ठेवायचं, आणि उद्या नवीन केंद्र निघालं तर जागा आहे का. सगळ्यांत जास्त प्रश्न अर्थातच भाऊंना.

"यंत्र आणाले बोलावलं तं पोट्टी इचारूनच राह्यली," भाऊ माझ्या टेबलावर वाकून कुजबुजले. "माह्या डोक्यातलं सारं काढून घेते, अन् कागदावर तिचं नाव."

"मग सांगू नका."

"नाई सांगतलं तं म्हनन, याले येत नाई!"

मग मंडळापुढं तिनं आराखडा मांडला. तो इतका सोपा होता की भाऊंना आणखी राग आला. नवीन तीन सर्व्हर घ्यायचे. तिघांच्या डिस्क तिघांच्याच पोटात राहतील, पण वरून एक सॉफ्टवेअर त्या सगळ्यांचा मिळून एकच साठा करेल. शेतकऱ्यांचा हिशेब एक सर्व्हर, पगाराचा एक, कॅमेऱ्यांचा एक, असे बरेच सर्व्हर त्या तीन पेट्यांत चालतील. हे आतले सर्व्हर लोखंडाचे नाहीत, सॉफ्टवेअरनं मानलेले. प्रत्येक नोंद तीन ठिकाणी लिहायची. एक पेटी बंद पडली, तर तिच्यातलं काम उरलेल्या दोघी उचलतील. म्हणून प्रत्येकीत आधीपासूनच जागा रिकामी ठेवायची. ठासून भरायचं नाही.

"म्हणजे तीन भाऊ अन् कोठी एक," बापूजी म्हणाले.

"तसंच, बापूजी. कोणाचं धान कोणतं, हे कोणी विचारायचं नाही."

बापूजींनी मोठा उसासा सोडला. त्यांचे सख्खे तीन भाऊ एका बांधावरून कोर्टात आहेत. लोखंडाला जे जमतं ते आपल्याला जमलं नाही, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

"अन् थोरला?" भाऊंनी विचारलं.

"तो गोदामात ठेवू, भाऊ. अंगणापलीकडं. रोजची एक प्रत त्याच्याकडं. इथं आग लागली, वीज पडली, तरी ती वाचली पाहिजे."

भाऊंच्या कानांत ते असं शिरलं: म्हाताऱ्याची खाट गोठ्यात टाका. वर बापूजी म्हणाले, "खोलीची चावी आता मॅडमजवळ देऊन देजा, लटारू." भाऊंचा हात आपोआप कमरेला गेला. इतका घाबरलेला हात मी फक्त बसस्टँडवर पाकीट गेलेल्या माणसाचा पाहिला आहे.

संध्याकाळी ते बापूजींच्या घरी पोचले. मलाही ओढून नेलं, साक्षीला. भाऊंनी तंत्राची भाषा केलीच नाही. त्यांना बापूजींची दुखरी जागा ठाऊक होती. एका लग्नात मानाची दुपट्टा-टोपी द्यायला व्याही विसरले, तर बापूजी वऱ्हाडाची अर्धी गाडी घेऊन परत आले होते.

"बापूजी, घरी पंगत बसली अन् थोरल्याले अंगणात बसवलं, तं लोक काय म्हनतील?"

बापूजी सरळ झाले. "काऊन? कोनाच्या घरी?"

"आपल्याच. थोरल्यानं इतकी वर्षं संघाचं केलं. आता तिघं नवीन पाहुणे पाटावर, अन् तो उंदरांत!"

मशीनचा अपमान होऊ शकतो का, हा प्रश्न तिथं कुणाला पडला नाही. मलाही नाही, हे विशेष. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला: थोरल्यालाही त्याच साठ्यात चौथा म्हणून घ्यावा. आणि जोवर थोरला पंगतीत, तोवर चावी लटारूकडं.

दिव्यानी म्हणाली, "बापूजी, त्याच्या डिस्क जुन्या आहेत, हळू आहेत. तिन्ही ठिकाणी लिहून झाल्याशिवाय नोंद पक्की होत नाही. सगळे त्याच्यासाठी थांबून राहतील."

"थांबतीन! मोठ्यासाठी थांबाच लागते, पोरी."

तिनं एकदा बापूजींकडं पाहिलं, एकदा भाऊंच्या कमरेकडं, आणि "बरं" म्हणाली.

नवीन पेट्या आल्या. तिनं त्यांना आपल्याकडच्या नद्यांची नावं दिली: वैनगंगा, कठाणी, खोब्रागडी. साठ्याच्या कामाला वेगळ्या तारा, त्या तारांना दोन स्विच, म्हणजे एक मेला तरी दुसरा आहे. भाऊ दारात उभे राहून प्रत्येक गोष्टीवर जळत होते. तारा एका रंगाच्या होत्या त्यावर. त्या सरळ बांधल्या त्यावर. नव्या पेट्यांचा आवाज येत नव्हता त्यावर तर फारच. "आवाजच नाई. जित्ती आहे का मेली, समजन कसं?" पण पडद्यावर चार नावांच्या यादीत 'थोरला' दिसलं, तेव्हा त्यांनी घरी पेढे नेले. वच्छलाबाईंनी विचारलं, "कोनाचं काय झालं?" भाऊ म्हणाले, "थोरल्याचं जमलं." बिचाऱ्या आनंदानं शेजारी सांगून आल्या आणि मग लोक विचारायला लागले, मुलगी कुठली.

खरेदी सुरू व्हायच्या आधी चाचणी घेतली. केंद्राकेंद्रावर ऑपरेटर बसले आणि पोत्यांची खोटी वजनं टाकू लागले. पहिल्या तासातच गोंडपिपरीच्या स्वातीचा फोन. "मॅडम, वजन टाकलं तं पडद्यावर चकरी फिरूनच राह्यली. माहा चहा झाला, आंगण झाडून झालं, तरी फिरतेच." मग चिमूर. मग बाकीचे. चारांतल्या तिघांकडं नोंद जायची, आणि त्या तिघांत बहुतेक वेळा थोरला असायचाच. वैनगंगा, कठाणी आणि खोब्रागडी आपापलं लिहून मोकळ्या, आणि थोरल्याचा हिरवा दिवा लुकलुकायचंही सोडून सलग जळत होता, तापलेल्या माणसाच्या डोळ्यासारखा.

भाऊ त्या दिव्याला पाठीनं झाकून उभे राहिले.

"नव्यांना इथलं पानी मानवलं नाई," ते मला ऐकू येईल असं म्हणाले.

दिव्यानीनं लॅपटॉप त्यांच्यापुढं धरला. "भाऊ, हे पाहा. लिहायला लागणाऱ्या वेळेच्या तिघांच्या रेघा खाली. ही एक वरची कोणाची?"

"तुमचं सॉफ्टवेअर त्याले पिदडून राह्यलं."

"बापूजींना तुम्ही सांगाल का? माझं ते ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात."

तिनं हे इतक्या सरळपणे मागितलं की भाऊ गडबडले. सांगितलं तर थोरला बाहेर, आणि थोरल्याबरोबर चावी. "मी काऊन सांगू?" ते म्हणाले आणि शर्ट खाली ओढला.

मग ती एकटीच गेली. बापूजींनी ऐकलं आणि म्हणाले, "उद्या पूजा आहे, जेवण आहे, जेवणानंतर खरेदीचा मुहूर्त. चाललं तं चाललं. नाई तं हे सारं गुंडाळू अन् नागपूरच्या कंपनीले देऊ. मग तुमी तुमच्या हैदराबादले मोकळ्या." ती बाहेर आली आणि सरळ लॅपटॉप उघडून बसली. भाऊंनी तिच्याकडं पाहिलं आणि लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. मला वाटतं, हेवा करायला आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही सापडेना.

दुसऱ्या दिवशी वजनकाट्याची पूजा झाली, नारळ फुटला, आणि अंगणात पंगत बसली. भात, वरण, वांगं-आलूची भाजी, पुरी, बुंदी, मठ्ठा. पंगतीच्या तोंडाशी नथ्थूबुवा. संघ काढला त्यांतले आता तेवढेच उरलेले, आणि तोंडात दातही जेमतेम उरलेले. आमच्याकडं पंगतीचा नियम ठाऊकच आहे: शेवटच्याचा घास संपल्याशिवाय पहिल्यानं उठायचं नाही.

सगळ्यांचं झालं. नथ्थूबुवा पहिल्या पुरीवर होते.

ते पुरीचा तुकडा मठ्ठ्यात बुडवत, त्याच्याकडं बघत, मग तोंडात ठेवून विचार करत. हातावरची भाजी वाळून आमची बोटं चिकटली. गेटवर ट्रॅक्टरवाल्यांनी हॉर्न सुरू केले. बापूजींच्या खिशात फोन कोकलत होता, आणि उजवा हात बुंदीनं माखलेला, डाव्यानं उजवा खिसा काही गाठता येईना. वसुलीवाले सुनीलभाऊ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर होत होते. लटारूभाऊंच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. पण उठणार कोण? "होऊ द्या, बुवा, सावकाश होऊ द्या," आम्ही सगळे गोड आवाजात म्हणत होतो, आणि मनात काय म्हणत होतो ते इथं लिहिता येत नाही.

समोरच्या ओळीत दिव्यानी बसली होती. ती हसत नव्हती. खाली मान घालून पत्रावळीवरचं एक शीत इकडून तिकडं सारत होती.

शेवटी नथ्थूबुवांनीच मान वर केली. "काऊन बसून आहा गा सारे?"

"तुमच्यासाठी, बुवा," बापूजी म्हणाले.

"माह्यासाठी? अरे बाप्पा! मी तं दिवस बुडेपर्यंत जेवतो. उठा, उठा. तुमी इतके तोंडाकडं पाहून राह्यले, तं घास नाई उतरत माहा."

थोरल्यानं स्वतः म्हटलं, आता अडचण कसली? पाखरांचा थवा उठावा तशी पंगत उठली. बापूजी फोनकडं, सुनीलभाऊ काट्याकडं. आणि मागं अंगणात एकटे नथ्थूबुवा. आता बघावं तर त्यांची कळाच वेगळी. मांडी सैल केली, टोपी काढून ठेवली, वाढायला आलेल्या वच्छलाबाईंना हाक मारून बुंदी मागितली, आणि इतक्या समाधानानं जेवायला लागले की बघणाऱ्याला पुन्हा भूक लागावी. मघाशी तोच माणूस शिक्षा भोगत होता.

भाऊ नळाशी हात धूत होते. हात धुऊन झाले तरी नळ चालूच. ते बुवांकडं बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर हेवा होता. पण हा वेगळा. आपल्या माणसाला असं निवांत जेवता येत नाही, याचा.

दिव्यानी मागं रांगेत उभी होती. भाऊ तिच्याकडं न वळताच म्हणाले, "मॅडम, थोरल्याले उठवाचं तं कसं उठवाचं?"

ती रांगेतून पुढं आली. मग म्हणाली, "एकदम नाही ओढायचं, भाऊ. त्याच्याजवळचं आधी बाकी तिघांत वाटून घ्यायचं. सगळं पोचलं की मगच हात धरून उठवायचं. नाहीतर सांडेल."

"मग चाला. नळ बंद करा जरा, माहे हात ओले आहे."

दार भाऊंनीच उघडलं. तिनं सांगितलं, भाऊंनी स्वतःच्या हातानं कळ दाबली. थोरल्याकडचं थोडं थोडं करून वैनगंगेत, कठाणीत, खोब्रागडीत गेलं. चाचणीपुरतंच होतं म्हणून बरं. तो हिरवा दिवा आधी लुकलुकला, मग निवला. बापूजी दारात येऊन ओरडले, "मी सांगतलं होतं ना, थोरला पंगतीतच बसन म्हनून!"

"थोरल्यानंच उठा म्हटलं, बापूजी," भाऊ म्हणाले.

बापूजींनी अंगणातल्या नथ्थूबुवांकडं पाहिलं. बुवांनी तिथूनच बुंदीचा हात वर केला. "असं काय?" बापूजी म्हणाले. "मग ठीक आहे. त्यानंच म्हटलं तं मानपानाचा सवालच नाई." थोड्याच वेळात गोंडपिपरीहून स्वातीचा फोन आला. "मॅडम, आता तं चहा कराले वेळच नाई भेटून राह्यला." गेटवरचे हॉर्न थांबले. काटा हलायला लागला.

राहिली चावी. भाऊंनी कोपऱ्यात जाऊन करदोड्याची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. इतक्या वर्षांचा घाम, तेल आणि अभिमान त्या गाठीत आवळला होता. नखं झाली, दात पोचेनात. शेवटी वच्छलाबाई स्वयंपाकाच्या मांडवातून चाकू घेऊन आल्या.

"पोट आत घ्या."

"हळू वो!"

"इतक्या वर्षांनी संधी भेटली, हळू कशी करू?" आणि एका झटक्यात त्यांनी करदोडा कापला. चावी हातात घेऊन त्यांनी ती उलटसुलट पाहिली, जशी बाई सवतीकडं पाहते, आणि दिव्यानीच्या हातावर ठेवली. "घे माय, सांभाळ. अन् कमरेले नको बांधजो." मग स्वतःच्या पिशवीतून नवीन काळा दोरा काढून त्यांनी गोदामाची चावी भाऊंच्या कमरेला बांधली. म्हणजे बाईंनी दोरा आधीच आणून ठेवला होता. भाऊंनी या वेळी न सांगताच पोट आत घेतलं होतं.

आता थोरला गोदामात लाकडी घडवंचीवर असतो. दिवसाची खरेदी आटोपली, तिघी नद्या शांत झाल्या, की त्याचं जेवण, म्हणजे रोजची प्रत घेणं, सुरू होतं. एकटा, सावकाश, घरघर करत. भाऊ बाजूला स्टुलावर. हंगामाच्या मध्यात चिमूरच्या ऑपरेटरनं चुकून एका अख्ख्या गावाची यादी पुसली. तिघींच्या साठ्याचा गुण असा की त्यांनी ती एकदिलानं, तीनही ठिकाणांहून, क्षणात पुसून टाकली. मंडळी घाबरली. पण थोरल्याच्या पोटात आदल्या दिवसाचं जेवण तसंच होतं. यादी परत मिळाली. भाऊ गोदामातून कचेरीपर्यंत असे चालत आले, जणू खांद्यावर दुपट्टा आणि डोक्यावर टोपी आहे. संध्याकाळी त्यांनी वारलूकडून स्वतःहून दोडके मागवून घेतले.

मला वाटलं, संपला हेवा. तेवढ्यात दिव्यानी खुशीत येऊन म्हणाली, "भाऊ, फार कामाचा निघाला आपला थोरला. बापूजींना सांगते, अशीच एक जुनी पेटी पाहून गोंडपिपरीलाही एक थोरला बसवू."

भाऊंचा चेहरा काळवंडला. हात कमरेच्या चावीवर गेला.

"असाच? असाच दुसरा कुठी भेटते?" ते म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "पाह्यलं ना? आता त्याले पाहाले सारे गोंडपिपरीले जातीन."

त्या रात्री चापल्यांच्या घरी ताटातले दोडके तसेच परत गेले, असं वच्छलाबाईंनी सकाळी सांगितलं.